चुंबकाचा खिळा

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गायांची पेंड. संध्याकाळची धार काढून झाली होती. मी गव्हाणीपाशी वाकून पेंडीत चुंबक फिरवत होतो आणि ती लांब, घराच्या ओट्यावर बसून मला शिकवत होती.

"कोपरा राह्यला."

"फिरवलाय कोपरा."

"वरवर फिरवलाय. जमीन सारवताय का? बुडातनं आणा की."

मी बुडातून आणलं. चुंबकाला काही लागलं नव्हतं. तिला लांबूनच उलटंपालटं करून दाखवलं. जवळचं तिला धड दिसायचं नाही, सुईत दोरा ओवता यायचा नाही, पण लांबचं घारीसारखं दिसायचं. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "दाखवा आता."

दाखवायचं म्हणजे बल्बला चुंबक दाखवायचं. आमच्या गोठ्यात अजून जुना काचेचा पिवळा बल्ब आहे, आतली तार दिसते तो. पेटलेल्या बल्बजवळ चुंबक नेलं की ती तार थरथरायला लागते. बारीक रेघ असते, तिची धूसर पट्टी होते. थंडीत कोकराचं अंग कापतं तसं. चुंबक लांब केलं की पुन्हा रेघ. मी दाखवलं. ती बघत राहिली.

"आनखी एकदा."

"जाईल बल्ब. ह्यो गेला तर दुसरा मिळायचा न्हाई."

"गेला तर गेला. दाखवा."

मी पुन्हा दाखवलं. बल्ब काही गेला नाही. ती पदरानं तोंड पुसत उठली आणि भाकरी टाकायला आत गेली. त्यात शेवटचं म्हणावं असं काही नव्हतं.

आमचं गाव भीमेच्या काठाला. नदीच्या ह्या अंगाला दौंड तालुका, त्या अंगाला शिरूर. ती त्या अंगाची. आम्ही धनगर. माझ्या बापानं मेंढरं विकून जमिनीचा तुकडा धरला, तिचा बाप मात्र मरेपर्यंत कळपामागं हिंडला. त्यामुळं ती वाढली ती उघड्यावर. उजेड म्हणजे दिवसा सूर्य आणि रात्री जाळ, तिसरा उजेड तिला माहीत नव्हता. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या घरात नुकतीच लाईट आलेली. माझ्या आईनं तिला बटन दाखवलं. हिनं दाबलं, बल्ब लागला. बंद केलं, गेला. पुन्हा दाबलं. पुन्हा बंद. आई ओरडली, "अगं सटवे, खेळणं हाय का ते?" तर ही बल्बकडं बोट करून म्हणाली, "आत्याबाई, आत कोण हाय?"

तिला असंच विचारायची खोड होती. उत्तर देणारा दमायचा, ती दमायची नाही. शाळेचं तोंड तिनं बघितलं नव्हतं. मीसुद्धा तिसरीतनं सुटलेला. त्यामुळं आमच्या घरात प्रश्न फार आणि उत्तरं कमी, असं कायम होतं.

चुंबक घरात आलं ते एका गाईपायी. तांबडी जर्सी होती, दुधाला खंबीर. एक दिवस चारा सोडला. पुढचे पाय फाकवून उभी राहायला लागली, उतरणीला चालायला नको म्हणायची, नुसती कण्हायची. मग गळ्याखाली पाणी उतरलं, पखालीसारखं लोंबायला लागलं. जनावरांचा डॉक्टर आला. त्यानं खांद्यामागं दाबलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "हिनं तार गिळलीय. चाऱ्यातनं गेली असंल. पोटातनं टोचत टोचत पार काळजापर्यंत गेलीय. आता हात लावून उपेग न्हाई."

गाय गेली. ही जेवली नाही. ती रडणाऱ्यातली नव्हती, ती चिडणाऱ्यातली होती. "येवढी बारकी तार," ती म्हणायची, "आन् येवढं मोठं जनावर. कुणी घातली तार चाऱ्यात?" कुणी घातली म्हणजे काय. शेजारी घर बांधत होते, सळया बांधायच्या तारेचे तुकडे वाऱ्यावर पडलेले. कुट्टीच्या मशीनमधनं बारीक होऊन चाऱ्यात गेलेले.

आमचा मुलगा कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टवर जातो. त्यानं भंगारातनं एका फुटक्या स्पीकरचं चुंबक आणून दिलं. काळं, गोल, मधोमध भोक असलेलं, वाटीएवढं. हिनं त्या भोकातनं सुतळी ओवून ते काठीला बांधलं, आणि त्या दिवसापासून तिनं एकही घमेलं चुंबक फिरवल्याशिवाय गाईपुढं ठेवलं नाही. कडबा, कुट्टी, उसाचं वाढं, पेंड, सगळ्यात. गावातल्या बायका हसायच्या. म्हणायच्या, "मामी, गाईला जेवण वाढताय का तपासणी नाक्यावर उभ्या हाय?" ती म्हणायची, "तुमची मरंल तवा या, मंग बोलू." तोंडानं अशी होती. मीही तसाच आहे, त्यामुळं आमचं जमलं.

काम झालं की चुंबक काठीचं सोडून ती आत न्यायची. स्वयंपाकघराच्या चौकटीत एक जुना दांडगा खिळा आहे. चुंबक त्याला टांगायला लागायचं नाही. जवळ नेलं की आपलं आपणच चिकटायचं, टक् करून. मी बाहेर असलो तरी तो आवाज यायचा. टक् झालं म्हणजे हिचं गोठ्याचं काम उरकलं, आता चहा होणार.

बल्बचा शोध तिला त्याच दिवसांत लागला. चुंबक हाती आल्यावर तिनं घरातली एकेक वस्तू त्याला लावून बघितली. जोडवी लागत नाहीत, टाचणी लागते, पितळेचा तांब्या लागत नाही, माझ्या बुटाची टाच लागते. मग तिची नजर गव्हाणीवर लोंबणाऱ्या बल्बवर गेली. तिनं ठरवलं की बल्ब फुटला तर त्यातली तार पेंडीत पडणार. ती तार चुंबकाला लागते का ते आधीच बघितलेलं बरं. म्हणून तिनं पेटलेल्या बल्बजवळ चुंबक धरलं, आणि किंचाळली.

मी धावत गेलो. मला वाटलं शॉक बसला.

"अवं, भ्याली बघा ती!"

"कोण?"

"तार! चुंबकाला बघून थरथरती."

मी बघितलं. खरंच थरथरत होती. मग तिनं बटन बंद केलं आणि विझल्या बल्बजवळ चुंबक नेलं. तार जागची हलली नाही. दिवा लावला, पुन्हा थरथरली. असं तिनं किती वेळा केलं कोण जाणे. गाया हंबरायला लागल्या, तरी हिचं चाललेलंच.

"लाईट असली तरच वळख देती," ती म्हणाली. "विझली की कोण तू, कोण मी."

मुलगा कामावरनं आला तेव्हा त्याला धरलं. कंपनीत त्याची इलेक्ट्रिशियनशी ओळख, त्याला विचारून दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं. "आई, लाईनची लाईट सरळ जात न्हाई. पुढं जाती, माघारी येती, पुढं जाती, माघारी येती, लई झटपट. चुंबकापाशी ती पुढं जाताना तार हिकडं ढकलली जाती, माघारी येताना तिकडं. म्हणून थरथरती. तार भेत न्हाई काय."

हिनं वर बल्बकडं बघितलं. मग म्हणाली, "म्हंजी ती दारापतुर येती आन् माघारी जाती? रोज?"

"सारखी."

"मंग आपल्या घरी राहत न्हाई व्हय ती."

मुलानं हात जोडले. पण एक गोष्ट तिनं त्यातनं नीट उचलली. बल्बची तार चुंबक खेचत नाही, म्हणजे बल्ब फुटून तार पेंडीत पडली तर चुंबकाला सापडणार नाही. तिनं त्याच दिवशी मला शिडीवर चढवून बल्ब गव्हाणीवरनं काढायला लावला आणि दाराकडच्या लाकडी मेढीला नेऊन बांधला. आजही तिथंच आहे. गोठ्यात येणाऱ्याच्या डोक्याला लागतो, पण गाईच्या तोंडात पडणार नाही.

पुढं तिनं चुंबक पिशवीत घालून गावोगावचे बल्ब तपासले. केडगावला बहिणीकडं गेली, तिथला बल्ब थरथरला. भाचीच्या लग्नात मांडवातल्या बल्बच्या माळेला लावून बघितलं, मांडववाला अंगावर आला. आमच्या जुन्या फुगीर पडद्याच्या टीव्हीला लावलं, तर पडद्यावरची माणसं एका अंगानं हिरवी झाली आणि मग तशीच राहिली. मुलगा तिच्याशी दोन दिवस बोलला नाही. ती म्हणाली, "हिरवी झाली तर काय झालं, बोलत्यात तेच की." एकदा पाटसच्या कारखान्यावर ऊस घालायला गेलेल्या पुतण्याच्या ट्रॅक्टरचा मागचा बल्ब उघडून लावलं. ती तार थरथरली नाही. नुसती एका बाजूला कलली आणि कललेली राहिली. हिला ते फार लागलं. मुलानं सांगितलं की ती बॅटरीची लाईट, एकाच दिशेनं जाते, माघारी येत नाही, म्हणून थरथर नाही.

तेव्हापासून तिनं माणसांचे दोन भाग केले. लाईनचा माणूस आणि बॅटरीचा माणूस. ज्याला दुसऱ्याचं काही झालं की अंगाला कंप सुटतो तो लाईनचा. जो नुसता मान तिरकी करून उभा राहतो तो बॅटरीचा. सरपंच बॅटरीचा. तिचा थोरला भाऊ बॅटरीचा. एकेक मेंढरू विकताना रडायचा तो तिचा बाप लाईनचा. मी कशातला, ते तिनं बरीच वर्षं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, कारण ती खरं सांगायची.

तिच्या हातचे बल्ब टिकायचे नाहीत. मुलगा म्हणायचा, "आई, थरथरून थरथरून तार तुटती. तू मारती बल्ब." ती म्हणायची, "थरथरल्याबिगार कळायचं कसं जित्ती हाय का ती?" आणि बल्ब आणायला मात्र मीच जायचो. आधी कुठंही मिळायचे. मग मिळेनासे झाले. सगळीकडं एलईडी. शिरूरच्या बाजारात एकजण फळीवर एलईडी पेटवून बसलेला. ही पुढं.

"घ्या आजी, बिल कमी येतं."

हिनं पिशवीतनं चुंबक काढलं आणि त्याच्या बल्बला लावलं. "ह्यात काय हालत न्हाई."

"हालायला काय हाय त्यात? तार नसती ह्यात."

"मंग जळतं काय?"

"काहीच जळत न्हाई, आजी."

"काहीच जळत न्हाई आन् उजेड पडतो व्हय? असला उजेड नगं मला." एवढ्यात चुंबक त्याच्या पत्र्याच्या फळीला चिकटलं आणि निघता निघेना. लोक जमले. तो माझ्याकडं वळून म्हणाला, "आबा, न्या हो ह्यांला घरी." आम्ही दोघांनी ओढून ते सोडवलं. पुढं एका जुन्या दुकानात माळ्यावर काही काचेचे बल्ब धूळ खात पडलेले सापडले, ते मी सगळे आणले. त्यातला हा शेवटचा.

मग तिला चक्कर आली. पहिली आली ती चुलीपुढं. दुसरी धार काढताना, किटलीसकट आडवी झाली. पुण्याला नेली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाचे ठोके मधेच चुकतात, मशीन बसवायला लागेल. डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत आगपेटीसारखं मशीन, आणि त्यातनं निघून हृदयात गेलेली एक तार.

तार म्हटल्यावर ही उठून बसली.

"डॉक्टर, आमची गाय काळजात तार जाऊन मेली."

"आजी, ही तार वेगळी असते."

"तार ती तारच. गाय तारंनं मेली, आन् मला तारंवर जगवणार तुमी?"

डॉक्टर भला माणूस होता. हसला, पण चिडला नाही. त्यानं समजावून सांगितलं. शेवटी एकेक करून काय करायचं नाही ते सांगायला लागला. मोबाईल त्या बाजूच्या खिशात ठेवायचा नाही. मोठ्या स्पीकरपाशी उभं राहायचं नाही. चुंबक जवळ न्यायचं नाही, हातभर तरी लांब. जवळ नेलं तर मशीनची चाल बदलते.

मी आणि मुलगा एकमेकांकडं बघायला लागलो. हिनं विचारलं, "मशीन लाईनवर चालतं का बॅटरीवर?"

"बॅटरीवर, आजी."

घरी येताना गाडीत, यवतच्या पुढं आल्यावर ती म्हणाली, "बॅटरीवरची झाले मी. आता थरथरायची न्हाई. नुसती एका अंगाला कलनार."

मी खिडकीची काच वर केली.

घरी आल्या आल्या मुलानं खिळ्यावरचं चुंबक ओढून काढलं आणि भंगारात टाकायला निघाला. ती अंथरुणातनं ओरडली, "त्ये टाकलं तर गायाबी विकून टाक. मी कुणाची गाय तारंनं मरू देणार न्हाई." मुलगा म्हणाला, "आई, तू मरशील." ती म्हणाली, "मी कवातरी मरनारच हाय. गाईला मरायचं काय कारण?"

मधला मार्ग मी काढला. चुंबक घरात यायचं नाही. गोठ्याच्या पार टोकाला लाकडी खुंटीवर सुतळीनं लोंबकळायचं. पेंडीत फिरवायचं काम माझं. ती ओट्यावरनं पुढं यायची नाही. घरात सगळ्यांना तोच नियम. सुनेला, मुलाला, माझ्या थोरल्या वहिनीलासुद्धा. चुंबकाला हात लावला असला तर माणूस दारात थांबून दोन्ही हात उघडे करून दाखवायचा आणि मगच आत. चौकटीतला खिळा मोकळा पडला. लाकडाच्या खुंटीला आवाज नसतो. घरात तो टक् ऐकू यायचा बंद झाला, त्याची मला फार दिवस सवय झाली नाही. गोठ्यातलं उरकून मी आत येऊन बसायचो आणि काहीतरी राहिलंय असं वाटत राहायचं.

पण ती ऐकणारी नव्हती. एकदा सकाळी मी डेअरीला दूध घालून लवकर परतलो. गोठ्यात दिवा लागलेला. आत बघतो तर ही. चिंचा पाडायच्या लांबलचक आकडीला चुंबक बांधलेलं, आकडी दोन्ही हातांत धरून लांब सरळ केलेली, आणि त्या टोकाला बल्बची तार थरथरतेय. माझ्या हातातली किटली पडली.

"भिऊ नगा," ती म्हणाली, "डॉक्टरनं हातभर सांगितलं. ही आकडी लई लांब हाय."

"आकडी घसरली असती मंजी? आं? अंगावर आली असती मंजी? अक्कल हाय का काय हाय तुला?" मी अजून बरंच बोललो. तिच्या हातातनं आकडी घेतली, चुंबक खुंटीला नेऊन टांगलं आणि गव्हाणीच्या कठड्यावर बसलो. ती समोर उभी राहून माझ्याकडं बघत होती. तिनं माझ्याकडं कधी असं बघितलं नव्हतं. ती बल्बकडं तसं बघायची.

"हात बघा तुमचं," ती म्हणाली.

मी बघितले. दोन्ही हात मांडीवर थरथरत होते. दाबून धरले तरी थांबत नव्हते.

"लाईनचं हाय तुमी," ती म्हणाली. "मला वाटलंच व्हतं."

आमच्या सगळ्या संसारात तिनं मला एवढं एकच चांगलं म्हटलं. ती तसं म्हणून किटली उचलायला वाकली. मी म्हणालो, "रोज संध्याकाळी मी दाखवीन. तू ओट्यावरनं बघायचं. पर हात लावायचा न्हाई. शपथ घे." तिनं शपथ घेतली आणि पाळली. तेव्हापासून रोज, पेंड झाली की, "दाखवा आता." पाऊस असो, पाहुणे असोत. लाईट गेलेली असली तर ती येईपर्यंत ओट्यावरनं हलायची नाही.

शेवटच्या दिवसाचं मी सुरुवातीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा चुलीचा आवाज नव्हता. ती कुशीवर होती, भिंतीकडं तोंड करून. मी हाक मारली. खांद्याला हात लावला आणि कळलं. लहानपणी मेंढरं राखलेल्या माणसाला हात लावल्यावर कळतं.

गावातला डॉक्टर आला. त्यानं बघितलं, डोळे मिटवले. मी त्याला विचारलं, "मशीन बंद पडलं का?" त्यानं मान हलवली. "मशीन चालूच आहे, आबा. ते आपलं ठोके देतंच असतं. हृदय घेत नाही आता." मला वाटलं, गप्प करावं ह्याला. पण विचारलं मीच होतं.

मग तो मुलाला बाजूला घेऊन म्हणाला की दहनाच्या आधी ते मशीन काढायला लागतं, नाहीतर सरणात फुटतं. मुलगा शिफ्टवरनं तसाच आलेला, कंपनीच्या कपड्यांत. तो माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, "काढा." डॉक्टरनं चादरीचा पडदा लावून घेतला. फार वेळ लागला नाही. बाहेर येऊन म्हणाला, "काढलं."

अंगणात माणसं जमली होती. मला कुणीतरी ओट्यावर बसवलं, तिच्याच जागी. तिथनं गोठा समोर दिसत होता. गाया ओरडत होत्या. सकाळची वेळ टळून गेली होती आणि त्यांच्यापुढं कुणी काही टाकलं नव्हतं. मी उठलो.

"आबा, बसा तुम्ही," सरपंच म्हणाला. "गायांचं बघंल कुणीतरी."

"चुंबक कोण फिरवनार?" मी म्हणालो. तो बाजूला झाला.

मी पेंड भिजवली. खुंटीवरनं चुंबक काढलं, काठीला बांधलं आणि फिरवलं. कोपऱ्यातनं फिरवलं, बुडातनं आणलं. वर काढलं तर त्याला तारेचा तुकडा लागला होता, नखाएवढा, गंजलेला. मी तो काढून खिशात घातला. पुन्हा एकदा फिरवलं, काही नव्हतं. तेव्हा गाया सोडल्या पेंडीवर. बल्ब बघितला. लाईट गेलेली होती. सवयीनं चुंबक वर धरलं गेलं. आत तार होती तशी उभी होती. जागची हलली नाही.

मी काठीची सुतळी सोडली आणि चुंबक हातात घेऊन घराकडं आलो. दारात थोरली वहिनी बसली होती. तिनं सवयीनं हात आडवा केला.

"भावजी, चुंबक हाय हातात. आत नगा जाऊ."

"आता चालतंय, वैनी," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं, मग हात काढून घेतला. मी उंबरा ओलांडला. आत बायका तिला आंघोळ घालायची तयारी करत होत्या. त्यांनी वाट दिली. मी तिच्या अंथरुणाजवळनं गेलो, हातभराच्या आतनं गेलो. स्वयंपाकघराच्या चौकटीत तो खिळा तसाच होता. मी हात जवळ नेला. माझ्या बोटांतनं ते आपलं आपणच सुटलं आणि टक् करून चिकटलं.

मी तिथंच उभा राहिलो. मग चुलीपाशी बसलो आणि चहा ठेवला.